नाल्याकाठची पांढरी : रोहणा आणि आर्वी परगण्यातील वस्तीचा इतिहास

वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यात, पुलगावहून आर्वीकडे जाणाऱ्या वाटेवर रोहणा नावाचे गाव आहे. मोठ्या इतिहासग्रंथांत त्याला जागा नाही. इथे लढाई झाली नाही, तह झाला नाही, राजधानी वसली नाही. तरीही १८७० साली चार्ल्स ग्रँट याने संपादित केलेल्या मध्य प्रांताच्या गॅझेटियरात या गावाला एक लहानशी नोंद मिळाली आहे. तिचा सारांश असा : सुमारे शंभर वर्षांपूर्वी कृष्णाजी शिंदे नावाच्या सरदाराने हे गाव वसवले, इथे गढी बांधली आणि स्वारांची तुकडी बाळगण्याच्या अटीवर ते बिनसाऱ्याने उपभोगले. गावात ऊस आणि अफूची बागायत आहे आणि आठवडी बाजार भरतो.

ही नोंद मला महत्त्वाची वाटते ती दोन कारणांनी. एक म्हणजे वऱ्हाड आणि नागपूर यांच्या सीमेवरचे गाव कसे उभे राहिले, याची सगळी सूत्रे तिच्यात गोळा झाली आहेत : सरदार, गढी, घोडी, बागायत, बाजार. दुसरे कारण असे की, 'वसवले' या एका क्रियापदाला तिथे एकच कर्ता आहे. गाव वसवायला एक माणूस पुरतो का? गढी बांधली ती कोणी, विहीर खणली कोणी, शीव राखली कोणी? या नोंदीतल्या एकेका शब्दामागे जाऊन पाहिले, तर नाल्याकाठच्या एका गावाचा इतिहास हा पुष्कळ हातांचा इतिहास आहे असे दिसते. या लेखात तोच मागोवा घ्यायचा आहे.

नाला, माती आणि नाव

वर्धा जिल्ह्याचा बहुतेक प्रदेश काळ्या बसाल्ट खडकाचा आहे. त्या खडकाची झीज होऊन खोल काळी माती तयार झाली. उत्तरेला आर्वी-कारंजाच्या बाजूला सातपुड्याच्या पायथ्याकडून आलेले डोंगरांचे फाटे आहेत, तिथे माती उथळ आणि मुरमाड आहे. पश्चिमेला वर्धा नदी वाहते. डोंगर आणि नदी यांच्यामधल्या उतारावरून असंख्य नाले खाली येतात. पावसाळ्यात ते दोन-चार तास रोंरावत जातात आणि दिवाळीनंतर बहुतेकांची धार तुटते. धार तुटली तरी पाणी संपत नाही. पात्रातल्या वाळूत हातभर खड्डा केला की झिरा लागतो आणि काठावरच्या विहिरींना पाझर राहतो.

जुनी गावे वर्धेच्या अगदी काठावर कमी आणि अशा नाल्यांच्या काठावर जास्त का, याचे उत्तर इथे आहे. मोठ्या नदीला पूर येतो आणि तिचे काठ खोल, तुटलेले असतात. पाणी डोळ्यांना दिसते, पण घागर भरायला खाली उतरावे लागते आणि वर चढावे लागते. नाल्याचे पाणी उथळ असते. जनावर सहज उतरते, बाईला घागर घेऊन चढण पडत नाही. शिवाय नाल्याच्या एका अंगाला बहुधा उंचवटा असतो, जिथे पुराचे पाणी येत नाही आणि काळ्या मातीचा चिखलही होत नाही. घर बांधायला असा उंचवटाच लागतो. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. तिच्यावर उभी केलेली भिंत चार वर्षांत तडकते.

नावाबद्दल माझा तर्क असा. रोहण हे विदर्भाच्या कोरड्या पानगळी जंगलात वाढणारे झाड आहे. त्याची साल कडू असते आणि तापावर ती वापरली जाई. वर्धा जिल्ह्यात झाडांवरून पडलेली गावांची नावे ओळीने सांगता येतील : पिंपळखुटा, बोरगाव, चिंचोली, मोहगाव, पळसगाव, हिवरा. वस्ती करायला आलेल्या माणसाला जागा ओळखायची असते, तेव्हा तो डोळ्यांत भरणाऱ्या झाडाचे नाव घेतो. रोहणा, रोहणी, रोहणखेड अशी नावे विदर्भात आणखीही सापडतात, त्यामुळे हा तर्क एकट्या गावापुरता राहत नाही. तो बरोबर असेल तर गावाचे नाव सरदाराहून जुने ठरते. कृष्णाजी शिंदे येण्यापूर्वी या जागेला कोणीतरी नाव दिले होते. गुराख्याने दिले असेल, लाकूडतोड्याने दिले असेल. सरदाराने स्वतःच्या नावाचे 'कृष्णापूर' वसवले नाही. जे नाव लोकांच्या तोंडी होते तेच राहिले.

परगण्याचे आधीचे धनी

गॅझेटियरातील 'शंभर वर्षांपूर्वी' या शब्दांवरून गावाची स्थापना अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात येते. पण त्या आधी हा मुलूख ओसाड होता असे समजायचे कारण नाही. अकबराच्या काळच्या 'आइन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्ये पवनार हे एक सरकार आहे. आज विनोबांच्या आश्रमामुळे ओळखले जाणारे धाम नदीकाठचे पवनार हेच ते. म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीस इथून वसूल मोजला जात होता आणि वसूल मोजला जातो तिथे नांगर चालू असतो.

जहांगीराच्या काळात आष्टी आणि आसपासचे परगणे नवाब मुहम्मद खान नियाझी या अफगाण सरदाराला जहागीर मिळाले. जंगल तोडून त्याने मुलूख लागवडीला आणला अशी त्याची ख्याती आहे. १६२७ मध्ये तो वारला. आष्टीतील त्याची कबर आजही पाहायला मिळते. आर्वी गावाची आठवण तेलंगराव वली या नावाशी जोडलेली आहे. म्हणून त्या गावाला 'आर्वी तेलंगराव' असेही म्हणत. हिंदू त्याला आपला मानतात, मुसलमानही आपला मानतात. संस्थापकाच्या नावाभोवती दोन समाज एकत्र येतात, ही गोष्ट या परगण्याच्या वस्तीबद्दल बरेच काही सांगते. जंगल हटवून पाणी दाखवणारा माणूस इथे लोकांच्या लेखी पुण्यवान ठरला. त्याची जात, धर्म नंतर पाहिला गेला.

या सगळ्यांच्या आधीपासून डोंगराकडच्या भागात गोंड होते आणि गुरे राखणारे गवळी होते. आर्वी-कारंजाचा पट्टा गवळाऊ जनावरांचे माहेर मानला जातो. पांढरी-राखी, अंगाने हलकी, पायाने चपळ अशी ही जात. मराठी फौजांच्या सामानाच्या गाड्यांना आणि जलद प्रवासाला ही बैलजोडी उपयोगी पडे, म्हणून तिची जोपासना झाली असे पशुसंवर्धनाच्या पुस्तकांतही सांगितलेले असते. मी या गोष्टीला वस्तीच्या इतिहासात मोठी जागा देतो. शेतकऱ्याच्या आधी गुराखी येतो. उन्हाळ्यात पाणी कुठे टिकते हे त्यालाच आधी कळते. त्याचा आखर जिथे पडतो, तिथे पुढे गाव होते.

गढी आणि घोडी

१७५५ मध्ये पहिले रघूजी भोसले वारले आणि जानोजी नागपूरच्या गादीवर आले. १७७२ मध्ये जानोजींच्या मृत्यूनंतर मुधोजी आणि साबाजी या भावांत वारसाचा तंटा लागला. १७७५ मध्ये पाचगावच्या लढाईत साबाजी मारले गेले, तेव्हा तो मिटला. रोहण्याची स्थापना याच काळातली. राजसत्तेला तेव्हा रोख पैशाची चणचण आणि स्वारांची गरज होती. अशा वेळी सोपा मार्ग एकच : सरदाराला गाव तोडून द्यायचे, सारा माफ करायचा आणि त्या बदल्यात त्याने घोडी व स्वार तयार ठेवायचे. त्यात खजिन्यातून दमडी जात नाही आणि पडीक जमीन लागवडीला येते.

या व्यवस्थेत सरदाराचा स्वार्थ गावाच्या भरभराटीत होता. सारा माफ असला तरी स्वारांचा पगार, दाणा, वैरण हे सगळे गावाच्या उत्पन्नातूनच भागवायचे. म्हणून रयत आणून बसवणे भाग होते. नव्या जमिनीवर येणाऱ्या कुणब्याला पहिली काही वर्षे कमी धारा, मग चढता धारा, अशी कौलाची पद्धत मराठी मुलखात सर्वत्र होती. बैल नसेल त्याला बैल, बियाणे नसेल त्याला बियाणे, खायला नसेल त्याला तगाई.

पाण्याचा हिशेब करून पाहू. घोड्याला दिवसाला पंचवीस ते तीस लिटर पाणी लागते. तुकडीत शंभर घोडी धरली तरी रोजचे अडीच-तीन हजार लिटर पाणी होते. त्यात माणसे, बैल, म्हशी वेगळ्या. एवढे पाणी उन्हाळ्यात रोज आडातून ओढणे अशक्य. म्हणजे स्वारांची अट असलेले गाव बारमाही ओल असलेल्या नाल्याजवळच वसवावे लागते. वैरणीचेही तसेच. ज्वारीचा कडबा आणि नाल्याच्या कडेचे गवत दोन्ही हवे. जागेची निवड सरदाराने केली असे आपण म्हणतो, पण खरे तर निवड घोड्याच्या तहानेने केली.

गढी म्हणजे किल्ला नव्हे. डोंगरी किल्ल्यांवर वाढलेल्या मराठी वाचकाला विदर्भाची गढी पाहून निराशा वाटण्याचा संभव असतो. पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, कोपऱ्यांना बुरूज, एक भक्कम दरवाजा, आत वाडा, कोठार, पागा आणि विहीर. तोफेपुढे ती टिकणारी नसे. पण लुटारूंच्या टोळीजवळ तोफा नसतात, त्यांच्याजवळ वेळही नसतो. एक रात्र दार लावून बसता आले की पुरे. गढीचा खरा उपयोग आत धान्य राहते आणि संकटात गावाची माणसे आत येतात, हा होता.

पांढरी आणि काळी

विदर्भातला शेतकरी गावाच्या भूगोलाचे दोन भाग करतो : पांढरी आणि काळी. पांढरी म्हणजे घरांची जागा, काळी म्हणजे शेतीची. माणसे पिढ्यान् पिढ्या राहिली, चुलीची राख, पडलेल्या भिंतींची माती, शेण आणि केरकचरा एकावर एक साचला की त्या जागेची माती पांढुरकी होते. म्हणून उजाड गावाची जागाही 'पांढरी' म्हणूनच ओळखली जाते. नांगराच्या फाळाला तिथे खापराचे तुकडे लागतात. पांढरी हे नाव माणसाच्या राहण्याने मातीला मिळालेले आहे. कागद नसला तरी माती साक्ष देते.

पांढरीला लागून खारीची जमीन, म्हणजे गावाजवळची, खताने सुपीक झालेली. नाल्याच्या काठी ओलिताच्या वाड्या. पलीकडे ज्वारी, कापूस, तूर, जवस यांची कोरडवाहू वावरे. वावरांना जोडणाऱ्या पांधणी, वावरा-वावरांत धुरे आणि शेवटी शीव. गॅझेटियरने नोंदवलेली ऊस आणि अफू ही दोन्ही पिके वाडीतली. उसाला बारा महिने पाणी लागते, अफूला हिवाळ्यात नेमाने लागते. याचा अर्थ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या गावाजवळ मोटेच्या विहिरी चांगल्या संख्येने असणार. अशी एक विहीर म्हणजे किती लोकांचे श्रम! खडक फोडणारा वडार, मोटेचे कातडे कमावणारा आणि शिवणारा कारागीर, चाक व कणा करणारा सुतार, लोखंडी काम करणारा लोहार, नाडा वळणारा आणि पहाटेपासून बैल हाकणारा मोटकरी. 'गावात बागायत आहे' या तीन शब्दांत हे सगळे लोक उभे आहेत. अफूचे पीक पुढे इंग्रजी सरकारच्या बंदोबस्तामुळे या मुलखातून गेले, उसाची जागा दुसऱ्या पिकांनी घेतली, विहिरी राहिल्या.

शिवेबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. नागपूरच्या मुलखात गावाचा कोतवाल बहुधा महार असे आणि दोन गावांत शिवेचा वाद निघाला तर त्याचा शब्द अखेरचा मानत. शिवेचा दगड कुठे आहे, पूर्वी कुठे होता, हे त्याच्या घराण्याच्या आठवणीत असे. १९०६ चे वर्धा जिल्ह्याचे गॅझेटियर संपादणाऱ्या आर. व्ही. रसेल याने पुढे हिरालाल यांच्या साहाय्याने मध्य प्रांतातील जातीजमातींवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात महारांच्या या अधिकाराची नोंद आहे. त्याच समाजाचे पुष्कळ लोक जाडेभरडे कापड विणत. गावाची हद्द ज्याच्या शब्दावर ठरे, त्याचे घर मात्र पांढरीच्या कडेला, नाल्याच्या खालच्या अंगाला. वरच्या अंगाचे पाणी कोणाचे आणि खालच्या अंगाचे कोणाचे, हे ठरलेले असे. नाल्याने गाव वसवले आणि त्याच नाल्याने गावातली उतरंडही आखली. नाल्याकाठच्या कोणत्याही गावाचा इतिहास लिहिताना हे गाळले, तर तो अर्धा राहतो.

नदी सीमा होते

१८०३ च्या डिसेंबरात देवगावचा तह झाला आणि दुसऱ्या रघूजी भोसल्यांना वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाड सोडावा लागला. तोवर वऱ्हाडात निजाम आणि भोसले यांचा दुहेरी अंमल होता. एकाच गावातून दोघांचे वसूलदार फिरत. आता वर्धा नदी ही दोन राज्यांची सीमा झाली. आर्वी परगणा आतल्या भागातून एकदम काठावर आला. नदी ओलांडली की परका मुलूख.

याचे दोन परिणाम झाले. वऱ्हाड आणि कटक गेल्याने नागपूरचे उत्पन्न घटले आणि ती तूट उरलेल्या रयतेकडून भरून काढण्याचा प्रयत्न झाला. धारा वाढला, नवनवे कर आले. रघूजींना लोक 'बडा बनिया' म्हणू लागले ते याच काळात. दुसरा परिणाम पेंढाऱ्यांचा. १८११ मध्ये त्यांनी थेट नागपूरच्या बाहेरच्या पेठा जाळल्या. राजधानीची ही गत, तर सीमेवरच्या खेड्यांची काय असेल! वर्धा जिल्ह्यातील बहुतेक मातीच्या गढ्या पेंढाऱ्यांच्या धामधुमीत बांधल्या किंवा डागडुजी करून मजबूत केल्या असे सांगितले जाते. ज्या गावाला गढी होती ते टिकले आणि ज्याला नव्हती त्याची माणसे गढीच्या गावाला आली. आजूबाजूच्या कित्येक लहान पांढऱ्या उजाड होऊन मोठी गावे मोठी झाली, त्यात या काळाचा वाटा आहे. रोहण्यासारखे गाव दुसऱ्यांदा वसले ते असे : भीतीने.

१८१७-१८ मध्ये पेंढाऱ्यांचा मोड झाला. तिसरे रघूजी अज्ञान असेतोवर रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स याने कारभार पाहिला. १८२७ साली छापलेला त्याचा नागपूर राज्याविषयीचा अहवाल गावगाड्याच्या अभ्यासाला अजून उपयोगी आहे. स्वार बाळगण्याच्या अटींना आता अर्थ उरला नाही. घोडी गेली. गढी राहिली, पण तिच्यातला सरदार हळूहळू जमीनदार झाला.

पटेलाचा मालगुजार झाला

११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी औरस पुत्र नसताना वारले आणि पुढच्या वर्षी राज्य खालसा झाले. १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला. १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा काढला. त्याचे पहिले ठाणे पुलगावजवळ कवठ्याला होते. १८६६ मध्ये पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी आखीव रस्त्यांचे वर्धा शहर उभारले गेले. एकाच मुलखात गाव वसण्याच्या दोन तऱ्हा इथे शेजारी शेजारी दिसतात. वर्धा शहर नकाशावर आधी आले आणि जमिनीवर नंतर. रोहणा जमिनीवर आधी आले. त्याचा नकाशा काढायला सरकारी मोजणीदार शंभर वर्षांनी पोचला.

त्या मोजणीचा आणि जमाबंदीचा अधिकारी हॅरी रिव्हेट-कार्नाक. भोसल्यांच्या काळात पटेल हा सरकार आणि रयत यांच्यातला मक्तेदार होता. गावाचा वसूल भरायचा आणि त्याबद्दल हिस्सा घ्यायचा. इंग्रजांनी १८६० च्या दशकातल्या जमाबंदीत त्याला गावाचा मालक केले. हा बदल कागदावर एका ओळीचा, पण गावाच्या जीवनात खोलवर गेलेला. जंगल, पडीक, तळे, नाल्याचा काठ, इतकेच काय घरांखालची पांढरीसुद्धा मालगुजाराची झाली. रयतेला निस्ताराचे हक्क राहिले : जळण, चराई, पाणी, घराला लागणारे लाकूड. ते 'वाजिब-उल-अर्ज' नावाच्या कागदात गावागावाने नोंदले गेले. काही जुन्या कास्तकारांना आपल्या वावरापुरती मालकी मिळाली. त्यांना 'मालिक मकबूजा' म्हणत. बाकीचे कुळे झाले.

मालकी म्हणजे विकण्याचा आणि गहाण टाकण्याचा अधिकार. पूर्वी पटेलकी सहसा गावाबाहेर जात नव्हती. आता कर्जापायी ती सावकाराकडे जाऊ लागली. पिढ्यान् पिढ्या गढीत राहिलेले घराणे आणि गावाची मालकी यांची फारकत होण्याची सोय कायद्यानेच केली.

कापूस, आगगाडी आणि दुष्काळ

जमाबंदी चालू असतानाच साता समुद्रांपलीकडे अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते (१८६१ ते १८६५). लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि वर्धेच्या खोऱ्यातल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. 'हिंगणघाट' हे नाव लिव्हरपूलच्या बाजारात कापसाची जात म्हणून ओळखले जाऊ लागले. रिव्हेट-कार्नाक पुढे मध्य प्रांत व वऱ्हाडचा कापूस आयुक्त झाला, हा योगायोग नव्हे. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेली आगगाडी पुलगाव-वर्ध्यावरून नागपूरला पोचली.

आर्वीकडच्या कापसाला पुलगाव हे स्टेशन. कापसाच्या बंड्या आर्वीहून निघत आणि खालच्या गावांवरून पुलगावकडे जात. रोहणा या वाटेवर पडते. नाल्याकाठी बैल सोडायला पाणी, सावली आणि बाजार असलेले गाव बंडीवाल्याला सोयीचे. तिसऱ्यांदा गाव वसले ते या वाटेने. रोख पैसा आला. सोबत अडते, दुकानदार, सावकार आले. पण याच गाडीतून मँचेस्टरचे सूत आणि कापडही आले. घरोघरचे सूतकताईचे उत्पन्न बुडाले. जाडेभरडे विणणाऱ्यांच्या मागांवर गदा आली. पुढे पुलगावला कापडगिरणी निघाली तेव्हा विणकराची मुले तिच्या भोंग्यावर जाऊ लागली.

ज्वारीच्या वावरात कापूस आला याची किंमत शतकाच्या शेवटी कळली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ पाठोपाठ आले. वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ मध्ये ४ लाखांच्या थोडी वर होती. १९०१ मध्ये ती ३ लाख ८५ हजारांवर आली. दहा वर्षांत वाढायचे ते गाव आक्रसले. अशा वर्षांत नाल्याकाठच्या विहिरींनी माणसे जगवली. कोरडवाहू गावे रिकामी होतात आणि ओलिताच्या गावी मजुरीला लोक येतात, हे विदर्भातल्या प्रत्येक दुष्काळाचे चित्र आहे.

१९१७ मध्ये पुलगाव ते आर्वी ही सुमारे ३५ किलोमीटरची अडीच फुटी छोटी रेल्वे सुरू झाली. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरच्या छोट्या गाडीची ही धाकटी बहीण. मालकी खासगी कंपनीची. बंड्यांची रांग कमी झाली, पण लोकांची ये-जा वाढली. गाडीची चाल अशी की घाई असलेला माणूस पायी निघे, असा विनोद अशा सगळ्या छोट्या गाड्यांबद्दल होतो. विनोद सोडला तर पन्नास-साठ वर्षे या पट्ट्यातला बाजार, शाळा आणि दवाखाना तिच्या वेळेवर चालला. आता तीही बंद पडली आहे.

बाजाराबद्दल दोन शब्द. विदर्भात कित्येक गावांचा आठवडी बाजार नाल्याच्या कोरड्या पात्रात किंवा काठावर भरतो. पात्र सपाट असते, वाळू बसायला बरी, पाणी हाताशी आणि जागा कोणा एकाच्या मालकीची नसते. हे शेवटचे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. पांढरीत प्रत्येकाची जागा जातीने ठरलेली. बाजारात मात्र कोष्टी, तेली, महार, गोंड, गवळी, बागवान एका ओळीत पाल टाकून बसत. तिथेही शिवाशीव होतीच, पण मोजमाप पैशाचे होते.

कागद बदलला, पाणीही बदलले

३१ मार्च १९५१ रोजी तेव्हाच्या मध्य प्रदेशात मालगुजारी संपली. कुळांना वावरे मिळाली, घराखालची जागा राहणाऱ्याची झाली. हे गावाचे चौथे वसणे. पहिल्या तीन वेळा माणसे दुसऱ्याच्या पांढरीवर राहत होती. आता ती स्वतःच्या घरात राहू लागली. पण याच कायद्याने पडीक, तळी, नाले सरकारजमा झाले. निस्ताराचा हक्क सांगायचा तो मालगुजाराऐवजी तहसील कचेरीत. नाला साफ करण्याची, बांध घालण्याची, झिरा राखण्याची गावकीची सवय हळूहळू सुटली. जे सगळ्यांचे होते ते सरकारचे झाले आणि सरकारचे ते कोणाचेच नाही, असे लोक समजू लागले.

१९५६ मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबईत आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. आर्वी तालुक्यात धनोडीजवळ वर्धा नदीवर निम्न वर्धा प्रकल्पाचे धरण झाले. ज्या नदीला टाळून गावे नाल्याकाठी गेली होती, तिचेच पाणी कालव्याने वावरात येऊ लागले. त्यासाठी काही गावांना आपली पांढरी सोडावी लागली. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर-शिर्डी टप्पा खुला झालेला समृद्धी महामार्ग याच भागातून, विरूळजवळून जातो. बंडीची वाट, छोटी गाडी आणि महामार्ग अशा तीन वाटा दीडशे वर्षांत या पट्ट्याने पाहिल्या. पहिल्या दोन वाटा गावाशी थांबत होत्या. तिसरी कुंपणाच्या आतून जाते.

कृष्णाजी शिंद्यांची नोंद खोटी नाही. त्याने सारामाफी मिळवली, गढी बांधली, रयत आणली. त्या काळात हे काम कोणी सत्ताधाऱ्यानेच करायचे होते. पण स्थापनेचा मान एकट्याला दिला तर गाव एकदाच वसले असे वाटू लागते. रोहण्यासारखे गाव किमान चार वेळा वसले : घोड्यांसाठी, पेंढाऱ्यांच्या भीतीने, कापसाच्या वाटेवर आणि मालगुजारी संपल्यावर. चारही वेळा सरदार, राजा, साहेब, कायदा बदलले. त्या जागेला धरून राहिले ते पाणी आणि ते भरणारे हात. या हातांची नावे कोणत्याही गॅझेटियरात नाहीत. ती पाहणीपत्रकांत, पेरेपत्रकांत, वाजिब-उल-अर्जाच्या जुन्या प्रतींत, कोतवाल बुकात विखुरलेली आहेत. जिल्ह्याच्या अभिलेखागारांत हे कागद आहेत आणि कसर कोणासाठी थांबत नाही. विदर्भातल्या प्रत्येक महाविद्यालयाच्या इतिहास विभागाने आपल्या परिसरातले एक गाव घेऊन ते वाचले, तर 'वसवले' या क्रियापदाला त्याचे खरे कर्ते मिळतील.

आणि एक काम त्याहून निकडीचे. गावाचा सर्वांत जुना दस्तऐवज म्हणजे त्याचा नाला. आज कित्येक गावांत त्याच्या पात्रात केरकचरा पडतो, वाळू उपसली जाते, काठ अतिक्रमणाने आवळला जातो. शंभर घोडी पाजून उरणारे पाणी आज एका वाडीला पुरत नाही. कागदाची कसर झटकता येते, नकलही करून ठेवता येते. पाझर एकदा आटला की त्याची नक्कल नाही. पांढरीची माती तेवढी मागे राहील आणि कधी तरी कोणाच्या नांगराला तिथे खापर लागेल.